बाईंचं अपील

नाना शिरसाठांच्या हातात कुठलाही निकाल दिला की ते आधी शेवटचं पान उघडायचे. ते वाचून झालं की पहिलं. मधल्या पानांवरून नुसता अंगठा फिरवायचे आणि म्हणायचे, "बठ्ठं पाणी शे यामा," म्हणजे यात सगळं पाणीच आहे. क्वचित कधीतरी म्हणायचे, "फॅट आहे हो ताई. चांगली फॅट लागली."

नोकरीची सगळी वर्षं त्यांनी एका दूध संघात केमिस्ट म्हणून काढली होती. गावोगावच्या कॅनमधलं दूध काचेच्या नळीत घ्यायचं, पाणी किती आणि फॅट किती ते सांगायचं, आणि ज्याचं दूध त्याच्या शिव्या खायच्या. निवृत्त झाल्यावर त्यांना माहिती अधिकाराच्या निकालांचा नाद लागला. कोणी कुठल्या कार्यालयाकडे काय मागितलं, कार्यालयानं का नाकारलं, आयोगानं काय म्हटलं, आणि प्रकरण कोर्टात गेलं असेल तर तिथं काय झालं. कोणाचं काही अडलं की तो नानांना फोन करायचा. नाना शोधून द्यायचे. कागदाच्या समासात, महत्त्वाच्या परिच्छेदाशेजारी, पेन्सिलीनं एकच शब्द लिहायचे : मलई.

मी धुळ्याच्या एका सरकारी कार्यालयात काम करते. जनमाहिती अधिकारी हे पद कोणालाच नको असतं. त्यामुळे ज्याच्या टेबलावरचे कागद सरळ रचलेले दिसतात, त्याच्या गळ्यात ते पडतं. ते माझ्या गळ्यात पडलं. पहिल्याच महिन्यात एका अर्जदारानं मोबाईलवर आलेला कुठला तरी निकाल छापून अर्जाला जोडला. त्याप्रमाणे पाहिलं तर आमच्या एका कर्मचाऱ्याच्या रजेचे सगळे अर्ज, आजारपणाच्या दाखल्यांसकट, त्या अर्जदाराला द्यावे लागत होते. निकाल खरा की खोटा, मला कळेना. साहेबांना विचारलं, तर ते म्हणाले, "तुम्हीच बघा." शेवटी शिंदखेड्याच्या एका ओळखीच्या ग्रामसेवकानं नानांचं नाव सांगितलं. "आमच्याच गावचे. आता जळगावला, पिंप्राळ्यात असतात. फोन करू नका, समक्ष जा. समक्ष गेलं की बरं वाटतं त्यांना."

जळगावची तीन कामं एका दिवसात बसवली आणि गेले. दार उघडलं ते इंदूबाईंनी. उंच, ताठ, पांढऱ्या केसांचा घट्ट अंबाडा. मला वरपासून खालपर्यंत पाहून म्हणाल्या, "निकालाचं काम असेल तर आत या. दुधाची तक्रार असेल तर ते रिटायर झाले."

इंदूबाई जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षिका. सगळी कॉलनी त्यांना बाई म्हणायची. नानाही बाईच म्हणायचे. "बाई, चहा मिळेल का?" "मिळेल. ताईंना मिळेल, तुम्हाला मघाशीच मिळालाय."

नानांनी माझा कागद घेतला. शेवटचं पान, मग पहिलं. "निकाल खरा आहे," ते म्हणाले. मी हबकले. "थांबा. दूध दिसायला चांगलंच असतं. उकळल्याशिवाय कळत नाही." मग आतल्या खोलीतल्या जुन्या कॉम्प्युटरसमोर बसून त्यांनी शोधायला सुरुवात केली. त्यांचं शोधणं बघण्यासारखं होतं. कोर्टांचे आणि दिल्लीच्या आयोगाचे निकाल शब्द टाकले की सापडतात. आपल्या राज्यातले बरेचसे मात्र नुसते स्कॅन केलेले, पानं तिरकी, शब्द टाकून काही हाती लागत नाही. ते एकेक उघडून बघावे लागतात. नाना न कंटाळता उघडायचे, बंद करायचे, उघडायचे, बंद करायचे. शेवटी खुर्ची मागे ढकलून म्हणाले, "फाटला. तुमचा निकाल वर गेला आणि फाटला. हायकोर्टानं रद्द केलाय."

तो कागद हातात पडला तेव्हा मला जे हलकं वाटलं, ते अजून आठवतं.

"यांना स्वयंपाकघरात मीठ सापडत नाही," चहा ठेवत बाई म्हणाल्या, "आणि दिल्लीचे कागद सापडतात."

"मिठाच्या डब्यावर नाव नसतं बाई. निकालावर असतं."

हे ते गमतीनं म्हणाले नव्हते. नानांना निकालांचे नंबर पाठ नसायचे, तारखा तर नाहीच. माणसं पाठ असायची. निकाल अपील करणाऱ्याच्या नावानंच ओळखला जातो ना, अमुक विरुद्ध तमुक. नाना त्या अमुकांबद्दल शेजाऱ्यांसारखं बोलायचे. एक होती पेन्शनची फाईल मागणारी म्हातारी, एक उत्तरपत्रिका बघायला मागणारा पोरगा, एक कंडक्टर ज्यानं स्वतःच्याच चौकशीचा अहवाल मागितला. "हा कंडक्टर फार चिकट माणूस, ताई. दोनदा हरला, तिसऱ्यांदा जिंकला." एकालाही ते कधी भेटलेले नव्हते. "जिवंत असतील-नसतील, कोणाला माहीत," ते म्हणायचे. "पण रोज कुठल्या ना कुठल्या टेबलावर त्यांचं नाव घेतलं जातं बघा."

नाना कोणाच्या बाजूचे, हे मला कळायला थोडा वेळ लागला. धुळ्याचे सलीमभाई गादीवाले यांच्या मुलीला आमच्या एका वसतिगृहात प्रवेश मिळाला नाही. सलीमभाईंनी यादीतल्या सगळ्या मुलींचे गुण मागितले. मी नाकारले, दुसऱ्यांच्या मुलींची खाजगी माहिती म्हणून. त्यांनी अपील केलं. मी नानांना फोन केला, नानांनी मला एक निकाल दिला. सुनावणीच्या दिवशी मी आमच्या वरिष्ठांपुढे तो ठेवला. सलीमभाईंनीही पिशवीतून एक निकाल काढला आणि शेजारी ठेवला. दोन्हीच्या समासात त्याच पेन्सिलीनं, त्याच अक्षरात : मलई.

वरिष्ठांनी चष्मा काढला. "ही काय भानगड आहे?"

"तुम्ही पण नानांकडूनच का मॅडम?" सलीमभाई हसू दाबत म्हणाले. "मला म्हणाले होते, समोरच्या बाई फार व्यवस्थित आहेत, तयारीनं जा."

दोन्ही निकाल शेजारी ठेवून वाचले तर वाट आपोआप निघाली. मुलींची नावं झाकून गुण दिले. सलीमभाईंनी ते बघितले आणि यादी बरोबर आहे म्हणून मान्य केलं. पण मी नानांवर चिडले होते. फोन करून तसं सांगितलं.

"ताई," नाना शांतपणे म्हणाले, "दूध गिऱ्हाईक बघून तपासत नाहीत."

बाईंना या सगळ्याचं कौतुक होतं, पण त्या ते दाखवायच्या नाहीत. त्यांचं स्वतःचं एकच ठिकाण होतं. कॉलनीच्या टोकाला असलेली सार्वजनिक बाग. रोज संध्याकाळी बाई तिथं फेऱ्या मारायच्या, साडीचा पदर खोचून, कोणाशी न बोलता, भरभर. नाना बरोबर निघायचे पण आत जायचे नाहीत. फाटकासमोरच्या चहाच्या टपरीवरच्या बाकावर बसून निकाल वाचायचे. बाई बाहेर आल्या की दोघं परत. "आत का नाही जात तुम्ही?" मी एकदा विचारलं होतं. बाईंनीच उत्तर दिलं : "आतमध्ये यांना शेवटचं पान कुठलं ते कळत नाही."

एक दिवस बागेला कुलूप लागलं. दुरुस्ती, असं कोणीतरी सांगितलं. दुरुस्ती करायला कोणी आलं नाही. पावसाळा गेला, भरताची वांगी बाजारात येऊन संपली, कुलूप तसंच. बाई रस्त्यावर फेऱ्या मारायला लागल्या, पण रिक्षा आणि स्कूटरवाल्यांच्या मध्ये त्यांचा वेग जमेना. शेवटी त्यांनी माहितीचा अर्ज लिहायला घेतला. नाना उत्साहानं चार निकाल घेऊन आले. बाईंनी ते बाजूला सारले. "निकालबिकाल काही लावायचे नाहीत. साधा प्रश्न आहे." आणि वळणदार शाळेच्या अक्षरात एकच ओळ लिहिली : बागेच्या फाटकास ज्या आदेशान्वये कुलूप लावण्यात आले, त्या आदेशाची प्रत मिळावी.

उत्तर आलं : सदर आदेश अभिलेखात आढळून येत नाही.

"म्हणजे हरवला?" बाईंनी विचारलं.

"हरवला किंवा नव्हताच."

"मग यातलं कुठलं, ते त्यांनी सांगायला नको? पोरगं गृहपाठाची वही 'सापडत नाही' म्हणालं, तर मी त्याला खाली बसू देत नव्हते." बाईंनी अपील केलं. तिथंही तेच उत्तर. मग आयोगाकडे दुसरं अपील. आणि मग वाट बघणं. आयोगापुढे नंबर लागायला वर्षं जातात, हे नानांना माहीत होतं, बाईंनाही. "लागेल तेव्हा लागेल," बाई म्हणाल्या. "मी कुठं चाललेय?"

पुढच्या थंडीत बाई गेल्या. सकाळी चहा ठेवायला उठल्या आणि ओट्याशी खाली बसल्या, त्या उठल्या नाहीत.

पुण्यानुमोदनाला मी गेले होते. घर माणसांनी भरलेलं होतं. सुरतेहून मुलगी आणि जावई आले होते, शाळेतल्या बाया होत्या. सलीमभाई धुळ्याहून आले होते, दारात चपलांपाशी उभे होते. नाना आल्या-गेल्याला हात जोडत होते आणि मधूनच आतल्या खोलीकडे बघत होते, चहाचं सांगायचं राहिलंय असं. मुलगी म्हणाली, "चला सुरतेला." नाना म्हणाले, "बाईंचं अपील आहे ना इथं."

सगळ्यांना वाटलं, दुःखात बोलताहेत.

त्यानंतर मी जळगावला गेले की त्यांच्याकडे डोकावून येऊ लागले. माझ्या कामांच्या यादीत ते शेवटचं काम असायचं. फ्रिज उघडला की दह्याची भांडी दिसायची, एकावर एक. दूधवाला अजून दोघांचं दूध टाकत होता. उरलेल्याचं नाना विरजण लावायचे, दूध वाया घालवणं त्यांच्या हातून होणं शक्य नव्हतं. "सांगा ना त्याला कमी करायला," मी म्हणाले. "सांगतो की. उद्या." मग निघताना ते मला स्टीलच्या डब्यात दही भरून द्यायचे. धुळ्याच्या एसटीत मांडीवर डबा सांभाळत मी कितीदा आले असेन.

फोनचीही एक गोष्ट झाली. पूर्वी नानांना निकाल विचारला की सगळा एका दमात सांगायचे. आता ते अर्धाच सांगायला लागले. "आयोगानं काय म्हटलं ते सांगितलं ना? पुढं कोर्टात काय झालं, ते बघून ठेवतो. उद्या चार वाजता फोन करा." उद्या चारला फोन केला की म्हणायचे, "एक आणखी आहे याच्यासारखा. तो परवा." मला एका यादीतलं काम तीन याद्यांत ओढायला आवडत नाही. मी म्हणायचे, "नाना, मोबाईलवर पाठवून द्या ना सगळे एकदम." ते म्हणायचे, "पाठवतो," आणि पाठवायचे नाहीत.

सलीमभाईंनी एकदा आमच्या कार्यालयात येऊन विचारलं, "मॅडम, तुम्हालाही हप्त्यानं देतात का?"

"हो. का?"

"लोकांना निकाल मिळाला की लोक फोन ठेवतात हो," सलीमभाई म्हणाले. "म्हणून."

त्यानंतर मी चार वाजता स्वतःहून फोन करायला लागले.

असाच एके दिवशी फोन नानांकडून आला. चार वाजले नव्हते, मी जेवणाचा डबा उघडून बसले होते. "ताई, एक निकाल शोधायचाय. तुम्ही शोधता का?"

मला हसू आलं. "मी? तुमच्यासाठी?"

"आयोगाची नोटीस आलीय. बाईंच्या अपिलाची सुनावणी लागली. अपील करणारा माणूस... मध्येच जर... तर अपील चालतं की बंद होतं, असा निकाल पाहिजे."

"मग शोधा ना नाना, तुम्हाला पाच मिनिटं लागतील."

पलीकडे पंख्याचा आवाज तेवढा येत होता.

"तिथं चौकटीत शब्द टाकावे लागतात, ताई," ते म्हणाले. "बोटं नाही चालत."

मी डबा बंद केला आणि कॉम्प्युटरसमोर बसले. मयत अपीलकर्ता, असे शब्द मीच टाकले.

शनिवारी कागद घेऊन पिंप्राळ्याला गेले. पण मला एक सोपा उपाय सुचला होता, तो आधी सांगितला. "नाना, हे सगळं कशाला? हा कायदा कोणालाही विचारू देतो. तुमच्या नावानं नवा अर्ज टाका. तीच ओळ लिहा. तीस दिवसांत उत्तर. सुनावणी नको, वारस नको."

"ते मला सुचलं नसेल का?" नाना म्हणाले. चिडून नाही. उठून त्यांनी माझ्यासमोर ताकाचा पेला ठेवला. "तसं केलं की बाईंचं अपील बंद होणार. 'अपीलकर्ता मयत, सबब प्रकरण निकाली.' एवढी एकच ओळ. असले निकाल मी रोज ओलांडून पुढं जातो ताई. त्यात काही नसतं, ते कोणी शोधत नाही. आणि जे कोणी शोधत नाही, त्यातलं नाव कोण घेणार?"

म्हातारी, पोरगा, कंडक्टर, सगळी मंडळी माझ्या डोळ्यांपुढून गेली. त्या रांगेत नानांना बाईंना बसवायचं होतं.

मला दोन निकाल सापडले होते. एक म्हणत होता, माणूस गेला की त्याचं अपील संपलं, मागणं त्याच्यापुरतंच होतं. दुसरा म्हणत होता, प्रश्न राहतो, वारस पुढं नेऊ शकतो. नानांनी दोन्ही वाचले. शेवटचं पान, पहिलं पान, आणि पहिल्यांदाच माझ्यासमोर मधली सगळी पानंही. "दोन्ही अजून उकळलेले नाहीत," ते म्हणाले. "कुठलाही टिकू शकतो."

सुनावणी कलेक्टर कचेरीतल्या व्हीसीच्या खोलीत होती. माहिती आयुक्त पडद्यावर दिसणार, इथून आपण बोलायचं. मी रजा टाकून गेले होते. उन्हाचा कडाका होता. नानांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता, कॉलर एका बाजूनं आत दुमडलेली. घरात कोणी सांगणारं नव्हतं. मी सांगितलं.

व्हरांड्यात समोरच्या बाजूचे, म्हणजे बागेचं बघणाऱ्या कार्यालयाचे, जनमाहिती अधिकारी बसले होते. हातात बारीकशी फाईल, कपाळावर घाम. नानांनी त्यांना जयभीम घातला, शेजारी बसले, चौकशी केली. "काय मुद्दा मांडणार आहात साहेब?"

"काय मांडणार? मी गेल्या महिन्यात या टेबलावर आलो. बाग आता उघडली आहे, एवढं सांगायचं."

बाग खरंच उघडली होती. सुनावणीची नोटीस गेल्यावर आठवड्याभरात कुलूप निघालं होतं. नानांनी पिशवी उघडली, दोनातला एक निकाल काढला आणि त्यांच्या हातात दिला. मी डोकावून पाहिलं. विरुद्धचा होता. समासात मलई लिहिलेली.

मी त्यांना बाजूला ओढलं. "नाना, हे काय केलंत तुम्ही?"

"त्यांच्याकडे काहीच नव्हतं हो."

"मग बरंच होतं की!"

"एकाच बाजूचं ऐकून दिलेला निकाल वर जाऊन फाटतो, ताई," नाना म्हणाले. "मला फाटणारा नकोय."

आत बोलावलं. पडद्यावर आयुक्त दिसत होते, त्यांच्यापुढे कागदांचा गठ्ठा. तिकडून कोणीतरी पुकारलं, "अपीलकर्ता, श्रीमती इंदूबाई शिरसाठ?"

"हजर," नाना म्हणाले.

खोलीतले सगळे त्यांच्याकडे बघायला लागले. बाईंनी जन्मभर पोरांची हजेरी घेतली होती. नानांच्या तोंडून तो शब्द आपसूक निघाला असावा. मग ते उभे राहिले आणि म्हणाले, "म्हणजे, त्यांच्यातर्फे. मी त्यांचा नवरा."

समोरच्या अधिकाऱ्यांनी नानांनीच दिलेला निकाल वाचून दाखवला, प्रामाणिकपणे, मलईचा परिच्छेद सोडला नाही. नानांनी दुसरा वाचला. आयुक्तांनी विचारलं, "शिरसाठ, तुम्ही स्वतःच्या नावानं नवा अर्ज का करत नाही?"

"साहेब, प्रश्न माझा नाही. मी बागेत कधी जात नव्हतो."

"बाग आता उघडली आहे असं हे म्हणतात. मग हरकत काय?"

"उघडली, हे खरं आहे. मी बघून आलो." नाना म्हणाले. "पण बाईंनी चावी मागितली नव्हती साहेब. कुलूप कोणी लावलं, ते विचारलं होतं."

आयुक्त थोडंसं हसले, काहीतरी लिहून घेतलं, आणि पुढचं प्रकरण पुकारलं गेलं. सगळं मिळून एक चहा पिऊन होईल एवढ्या वेळात संपलं. बाहेर आल्यावर नाना म्हणाले, "नाव नीट घेतलं, नाही का? इंदूबाई. स्पष्ट घेतलं."

निकाल पोस्टानं आला, तेव्हा त्यांनी मला फोन केला, आणि मी जाईपर्यंत पाकीट फोडलं नाही. फोडल्यावर शेवटचं पान उघडलं. अपीलकर्त्याच्या मृत्यूनं अपील संपत नाही. कार्यालयानं अभिलेख पुन्हा शोधावा. आदेश नसेल, तर तसं स्पष्ट लेखी द्यावं. नानांनी मान हलवली आणि पहिलं पान उघडलं. तिथं मात्र ते बराच वेळ थांबले. मी पुढं वाकून पाहिलं. अपीलकर्ता : श्रीमती इंदूबाई शिरसाठ (मयत), तर्फे प्रल्हाद शिरसाठ.

"ताई," ते म्हणाले, "कंसातलं मोठ्यानं वाचायचं नसतं ना? बाई पोरांना वाचू द्यायच्या नाहीत."

"नसतं, नाना."

त्यांनी कागद घडी करून ठेवला. पुढं महिन्याभरानं त्या कार्यालयाचं लेखी उत्तरही आलं. बागेला कुलूप लावण्याचा कोणताही आदेश कधीही काढण्यात आला नव्हता. कोणीच लावलं नव्हतं ते कुलूप. नानांनी उत्तर दोनदा वाचलं आणि बाई गेल्यापासून पहिल्यांदा मोठ्यानं हसले. "बठ्ठं पाणी शे!" मग हसू ओसरल्यावर आतल्या खोलीकडे वळून बघत बसले. सांगायला जावं असं ज्यांना वाटत होतं, त्या तिथं नव्हत्या.

अपील संपलं होतं. आता सुरतेला जाल, असं मी म्हटलं. "बघू," म्हणाले. गेले नाहीत. त्यानंतरचं एक वर्ष ते तिथंच, त्याच घरात, दह्याच्या भांड्यांत राहिले, आणि तिथूनच गेले. कळलं तेव्हा मी धुळ्यात कार्यालयात होते. घड्याळात चार वाजायचे होते आणि मी हात फोनकडे नेला होता.

पण मला नाना दिसतात ते त्याच्या थोडं आधीचे.

त्या आठवड्यात आमच्या खिडकीशी एक बाई आल्या होत्या. साक्रीकडच्या, शेतात राबलेले हात. नवऱ्यानं माहितीचा अर्ज केला होता, अपील केलं होतं, आणि मध्येच तो गेला होता. आमच्या नव्या कारकुनानं सांगितलं, "आता काही होणार नाही." त्या बाईंनी पिशवीतून एक घडी केलेला कागद काढला आणि माझ्यासमोर ठेवला. "होईन, ताई. या इंदूबाई शिरसाठना निकाल शे. माणूस गया म्हणून प्रश्न जात नाही, असं वकिलानी सांगं." मग कागदावरच्या नावावर बोट ठेवून त्यांनी मला विचारलं, "तुम्ही ओळखतस का यास्ले? बाई भारी खमकी व्हई."

मी तो कागद घेतला, त्यांचं अपील नोंदवून घेतलं, आणि शनिवारी जळगावची इतर कामं सकाळीच उरकून पिंप्राळ्याला गेले. नाना घरी नव्हते. बागेच्या फाटकासमोर, टपरीवरच्या बाकावर होते. संध्याकाळची वेळ, बाग उघडी, आत बायका फेऱ्या मारत होत्या. नाना बाहेरच, मांडीवर कागद घेऊन.

"आत नाही गेलात?"

"मी कधी गेलो आत?" त्यांनी बाकावर सरकून जागा केली.

मी सगळं सांगितलं. साक्रीची बाई, कारकून, कागद. "खमकी" या शब्दाशी त्यांनी मला थांबवलं.

"परत सांगा."

मी परत सांगितलं.

"खमकी म्हणाली? बघितलं नसताना?"

"नुसता निकाल वाचून."

नानांनी चष्मा कपाळावर चढवला, डोळे पुसले, चष्मा खाली घेतला. "आणि? आणखी काय म्हणाली?"

ती बाई आणखी बोलली होती. थोडंच, पण बोलली होती. माझ्या बसची वेळ झाली होती, रिक्षा थांबलेली होती. मी उठले. "बाकीचं उद्या सांगते. चार वाजता फोनवर."

ते माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांच्या लक्षात आलं, आणि ओठांच्या कोपऱ्यातून हसू फुटलं. "हप्त्यानं का?"

"हप्त्यानं."

रिक्षा वळताना मी मागं बघितलं. फेऱ्या संपवून बायका फाटकातून एकेक बाहेर पडत होत्या. नाना त्यांना वाट देण्यासाठी पाय बाकाखाली घेत होते, आणि प्रत्येक वेळी मान वर करून फाटकाकडे बघत होते, पुढची कोण येते म्हणून.